पाण्यातला उंचवटा

"दिसते! लाल फडकं दिसते! चांगलं चकचकीत दिसते!"

धरणाच्या काठावर पालथा पडून, दुर्बिणीला डोळा लावून धनू ओरडला आणि दुर्गाने घाईने त्याचा सदरा ओढला. धनू म्हणजे धनेंद्र, तिचा चुलतभाऊ, सहावीतला. त्याच्या पोटात कोणतीही गोष्ट दोन मिनिटांपलीकडे टिकत नसे, हे सगळ्या पाथरटोल्याला ठाऊक होतं. पण निदान आज तरी त्याने जरा दम धरायचा!

"नीट पाहा बे!" दुर्गाच्या मैत्रिणीने, अलकाने त्याला ढोसलं. "वरचं पांढरं असंल."

"पांढरं वर, लाल खाली. दोन्ही दिसून रायले. माझे डोळे का भाड्यानं आणले का?"

अलकाने त्याला बाजूला सारलं आणि स्वतः आडवी झाली. बराच वेळ ती उठलीच नाही. उठली तेव्हा ती कोणाकडेच पाहत नव्हती. दुर्गाला काय ते कळलं.

मागे जमलेल्या माणसांत हशा पिकला. "काय मास्तर? कुठं बुडालं तुमचं लाल?" कोणीतरी मोठ्याने विचारलं. तो आवाज दुर्गाच्या बाबूजींचा होता. तिचे वडील लोकेंद्र पटले हसत होते आणि त्यांच्या समोर अलकाचा मोठा भाऊ प्रफुल्ल मान खाली घालून उभा होता.

या भांडणाची सुरुवात झाली होती एका व्हिडिओपासून. दोन हजार सतराची दिवाळी जवळ आली होती. वर्षभरात गावात स्वस्त नेट आलं होतं. बाबूजींनी मोठा फोन घेतला, गावाचा ग्रुप काढला आणि पहाटेपासून 'सुप्रभात' पाठवायला लागले. त्याच ग्रुपवर एक दिवस तो व्हिडिओ आला. पृथ्वी गोल नाही, थाळीसारखी सपाट आहे, शाळेत खोटं शिकवतात आणि याला पुरावा म्हणजे पाणी! पाणी कधी वाकतं का? गोल गोळ्यावर पाणी राहील कसं?

बाकीच्या लोकांनी व्हिडिओ पाहिला, हसले, पुढे ढकलला. बाबूजींच्या मनात मात्र तो रुतून बसला. त्याला तसंच कारण होतं. धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेला भाताचा तुकडा, सपाट करण्यात आसपासच्या दहा गावांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बांधीत पाणी सारखं उभं राहिलं नाही तर एका कोपऱ्यात धान बुडतं, दुसऱ्या कोपऱ्यात वाळतं. म्हणून लोक त्यांना बोलावून नेत. लोकेंद्रभाऊंच्या तीन काड्या प्रसिद्ध होत्या. तिन्ही एका मापाच्या. एक या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, एक त्या धुऱ्याशी, एक मधात. पहिल्या काडीच्या शेंड्यावरून ते एक डोळा मिटून पाहत. तिन्ही शेंडे एका रेघेत दिसले तर बांधी सपाट. मधली काडी वर दिसली, की ते तिथूनच ओरडत, "मधात उंचवटा आहे! माती काढा!"

लहानपणापासून मधली काडी धरायला दुर्गाच असे. चिखलात पाय रोवून, हलायचं नाही, शिंकायचं नाही! बाबूजींनी मान डोलावली की तिला केवढा अभिमान वाटायचा.

तर असा हा पाण्यावर विश्वास ठेवणारा माणूस. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'बात सही आहे. पाणी सपाटच असते.' त्यावर प्रफुल्लने दोनशे लोकांसमोर उत्तर दिलं, 'लोकेंद्रभाऊ, हे साफ चूक आहे. आधी शिकून घ्या, मग लिहा.'

पहिलं वाक्य चाललं असतं. दुसरं नको होतं.

प्रफुल्ल बी.एस्सी. झालेला. नोकरी मिळेपर्यंत ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत तो मुलांसाठी फुकट अभ्यासिका चालवायचा. बाबूजी होते गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. पण तंटे मिटवणाऱ्यानेच आता तंटा उभा केला! भर सभेत ते म्हणाले, "खोटं शिकवणाऱ्याले गावची खोली कायले पायजे?" प्रफुल्लही तापला. धरणाचं पाणी लांबच लांब, सहा किलोमीटर. पलीकडे चिचटोल्याच्या काठावर बांबू रोवू, तो म्हणाला. त्याला पाण्यालगत एक मीटरचं लाल फडकं बांधू, त्याच्या वर पांढरं. पृथ्वी गोल असल्यामुळे मधलं पाणी फुगलेलं असतं. अलीकडच्या काठावर पाण्याजवळ आडवं होऊन दुर्बिणीतून पाहिलं, तर लाल त्या फुगवट्यामागे लपेल. "लाल दिसलं तर खोलीची चाबी परत देतो!"

"मंजूर," बाबूजी म्हणाले होते आणि सोमवारी संध्याकाळी त्यांनी वेळ कळवली होती, "बुधवारी. दुपारी चार वाजता."

आणि बुधवारी दुपारी चार वाजता लाल दिसलं होतं.

प्रफुल्लने खिशातून चाबी काढली. सरपंच मंदाबाईंनी ती घेतली खरी, पण त्यांचा चेहरा कडू झाला होता. "शब्द देऊन बसले ना बाबा तुम्ही दोघं," त्या म्हणाल्या. "मंडईपर्यंत खोलीले कुलूप राहील. मंडई झाली की समितीचं सामान ठेवू तिथं."

मंडई रविवारी होती. दिवाळीनंतरची गावची जत्रा. लेकी, जावई, पाहुणे, दुकानं, रात्री नाटक. दर वर्षी दुर्गा मंडईचे दिवस बोटांवर मोजायची. या वर्षीही ती मोजत होती, पण आनंदाने नाही.

*

दुसऱ्या दिवशी तिघं कुलूपबंद खोलीच्या पायरीवर बसली होती. फेब्रुवारीत दुर्गाची आणि अलकाची आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा होती. दुर्गाच्या घरी टीव्ही, गुरं आणि पाहुणे. अलकाचं घर एका खोलीचं, तिथे तिची आई कलाबाई पहाटे कामाला जायची म्हणून आठलाच दिवा मालवला जाई. पण खरं दुःख त्याहून वेगळं होतं आणि ते दोघी बोलत नव्हत्या. दुर्गा पोवार जातीतली, अलका बौद्धांची. अलकाच्या घरी आपल्या नातीने जेवलेलं दुर्गाच्या आजीला चालत नसे आणि दुर्गाच्या घरी अलका ओसरीच्या आत कधी आली नव्हती. दोघींना एका सतरंजीवर, खांद्याला खांदा लावून बसता येईल अशी गावात हीच एक खोली होती.

"दादा रात्री जेवला नाही," अलका म्हणाली. "गोंदियाला जाऊन दुकानात काम पाहतो म्हणते."

"पण पृथ्वी गोलच आहे ना?" धनूने विचारलं. "का मी आता परीक्षेत सपाट लिहू?"

"चूप बस!"

"मी तर दिसलं तेच सांगितलो! लपवायचं होतं का?"

दुर्गाने त्याच्याकडे पाहिलं. पोरगं खरंच बोलत होतं. त्याने लपवलं नव्हतं, हे बरोबरच होतं. मग चुकलं कुठे? बांबू कोणी वर केला? नाही, प्रफुल्लदादाने तो स्वतः रोवला होता आणि संध्याकाळी जाऊन पाहिला तर जिथल्या तिथे होता. फडक्यांची अदलाबदल? तीही नाही.

"मले एक गोष्ट खटकून रायली," दुर्गा हळूच म्हणाली. "चार काऊन?"

"काय चार?"

"दुपारचे चार. बाबूजींचं एकही काम दुपारचं नसते. बांधी पाहाची तर सकाळी, बैल पाहाचे तर सकाळी, माणसाले शिव्या द्याच्या तरी सकाळीच! दुपारी ते झोपतात. मग याच कामाले दुपार काऊन सांगितली?"

धनूने डोळे मोठे केले. दुर्गाच्या बाबूजींना तो मोठेबाबूजी म्हणायचा. "अन् सोमवारी सकाळी मोठेबाबूजी अंधारातच कुठं गेले होते! आले तर पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. मोठीमाय बोलत होती त्यांना."

"हे काल काऊन नाही सांगितलं?"

"काल कोणी विचारलं?"

गोष्टी न टिकणाऱ्या पोटात नेमकी हीच गोष्ट टिकली होती! अलकाने कपाळावर हात मारून घेतला. पण दुर्गा हसली नाही. आपल्याच बाबूजींच्या मागावर आपण निघालो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं होतं आणि तरीही ती पायरीवरून उठली.

*

धरणावर अंधारात जाणाऱ्याला माणूस एकच भेटतो, तो म्हणजे बकाराम धिवर. म्हाताऱ्याचा जन्म डोंग्यात, आपल्या लाकडी होडीत गेलेला. तिघं पोचली तेव्हा तो काठावर जाळं शिवत बसला होता.

"बकारामबाबा, सोमवारी सकाळी लोकेंद्र काकाजी आले होते का इकडं?" अलकाने विचारलं.

"आले होते ना! दुर्गीचा बापच ना? माझ्या डोंग्यात बसून दूर पाहत होते. सारस मोजणाऱ्या पोराची दुर्बीणही मागून आणली होती म्हणे, पक्षी पाहाले. पक्षी तर एक नाही पाहिला."

ती दुर्बीण प्रफुल्लचीच; तो घरी नसताना बाबूजींनी ती कलाबाईंकडून मागून नेली असणार. तो दर उन्हाळ्याच्या शेवटी सारस मोजणाऱ्या मंडळींबरोबर फिरायचा आणि त्यांनी ती त्याच्याकडे ठेवायला दिली होती.

"मग काय पाहिलं?" दुर्गाने विचारलं.

"चिचटोल्याच्या घाटावर पांढरा गोटा आहे पाण्याला लागून, तो. मले म्हणाले, बकाराम, तो गोटा दिसत नाही रे. मी म्हटलो, सकाळी कसा दिसंल? सकाळी पलीकडची पार, म्हणजे काठच, बुडते. दुपारी उचलते." म्हातारा सुईत दोरा ओवत सहज बोलत होता. "डोंग्यात माणूस पाण्याबरोबर बसते ना, त्याले समजते. जाळ्याची खूण मी कधी त्या गोट्यावर नाही धरत. सकाळी नसते, दुपारी असते. उभं राहिलं तर सकाळीही दिसते, बसलं की गेला! माझ्या बापानंच सांगितलं होतं मले."

धनू बोटांवर मोजायला लागला, सोमवार, मंगळवार, बुधवार.

म्हणजे बाबूजींना ठाऊक होतं! सकाळी गोटा बुडतो आणि दुपारी वर येतो, हे ऐकूनच त्यांनी चार वाजता सांगितले होते. दुर्गाला रडू आलं. बाबूजी रागीट होते, हट्टी होते, कधीकधी फार बोलायचे. पण खोटे नव्हते. निदान कालपर्यंत तरी ती छाती ठोकून तसं सांगत होती.

"चला चौकात!" अलका ताडकन उठली. "साऱ्या गावाले सांगू!"

"अलका, थांब."

"काऊन थांबू? तुझ्या बाबूजीची इज्जत आहे अन् माझ्या दादाची नाही?"

हे दुर्गाला चांगलंच लागलं, कारण ते खरं होतं. तिने मैत्रिणीचा हात धरला. अलकाने तो झटकला. तिने पुन्हा धरला.

"मले एक दिवस दे. एकच. ओरडून सांगितलं तर ते म्हणतील, पोट्टे खोटं बोलतात आणि बकाराम म्हातारा झाला. चाबी नाही मिळणार. मले चाबी पायजे अलका, आणि... आणि बाबूजीही पायजेत."

अलकाने हळूच हात सोडवून घेतला. "उद्या संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली आणि एकटीच पुढे निघून गेली.

त्या संध्याकाळी दुर्गा आणि धनू प्रफुल्लकडे गेले. बकारामचं बोलणं ऐकून त्याने स्वतःच्याच गालावर चापट मारली. "गाढव आहे मी! वाटीच्या तळाशी नाणं ठेवा. काठामुळे दिसत नाही. वाटीत पाणी ओतलं की दिसायला लागते, कारण पाण्यातून बाहेर येताना उजेड वाकते. हवाही तशीच खोडी करते. दुपारी पाण्यालगत हवा थंड आणि वर गरम. उजेड वाकून येते आणि लपलेलं वर उचलून दाखवते. मला हे माहीत होतं, दुर्गा! पुस्तकात वाचलं होतं. रागाच्या भरात चार वाजता तर चार वाजता म्हणून बसलो."

"मग सकाळी करू ना पुन्हा!" धनू म्हणाला.

"ते म्हणतील, सकाळची हवा खोटी, दुपारची खरी. कशावरून नाही?" प्रफुल्लने मान हलवली. "पाण्यापासून उंचावरून पाहिलं पाहिजे, म्हणजे हवेची खोडी कमी. आणि असं काही, की ज्यात लोकेंद्रभाऊला आपल्या डोळ्यांवर भरोसा वाटेल."

दुर्गाने मान वर केली. तिला एकदम चिखल आठवला आणि हातातली काडी.

*

बाबूजी बांधीच्या धुऱ्यावर उभे होते. हलकं धान कापून झालं होतं, भारी धान अजून पिवळं व्हायचं होतं. सकाळची वेळ होती. अर्थात!

"बाबूजी, सोमवारी तुम्हाले चिचटोल्याचा गोटा दिसला नाही ना?"

त्यांनी चमकून पाहिलं. दुर्गाला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते धुऱ्यावर खाली बसले.

"कोणाकोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही. पण प्रफुल्लदादाले सांगावं लागलं. अलकाले माहीत आहे. ती आज संध्याकाळपर्यंत थांबणार आहे."

बाबूजींनी गवताची काडी तोडली, तिचे तुकडे करत राहिले. "वीस वर्षं झाली मी पाणी पाहून रायलो," ते म्हणाले. "शाळा सातवीत सुटली. बाकी काही येत नाही मले. पाणी येते. पाणी सपाट असते, एवढंच एक मले साऱ्या दुनियेपेक्षा जास्त समजते, असं वाटत होतं. अन् तो कालचा पोरगा साऱ्या गावासमोर म्हणते, शिकून घ्या." त्यांचा आवाज फाटला. "गोटा नाही दिसला तर मले कसंतरीच झालं, दुर्गे. दुपारी येऊन पाहिलो तर दिसला. मग म्हटलं, दुपारच खरी."

दुर्गाला त्यांचा रागही आला आणि कणवही. आपल्या बापाला असं बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या शेजारी बसली.

"मग तुमच्याच रीतीनं पाहू ना," ती म्हणाली. "तीन काड्या. एक आपल्या काठावर, एक चिचटोल्याला, एक मधात, त्या बुडीत मोहाच्या झाडापाशी. तिन्ही पाण्यापासून दहा फूट. माप तुम्ही कापा, खुणा तुम्ही करा, पहिला डोळा तुमचाच. सकाळी पाहू, दुपारीही पाहू, चारलाही पाहू. पाणी सपाट असंल, तर तिन्ही एका रेघेत येतील. बांधीत येतात तशाच."

"अन् नाही आल्या तर?"

"तर तुम्ही काय म्हणता ते तुम्हालेच माहीत आहे. मधली काडी मीच धरीन."

बाबूजी उठले आणि घराकडे चालायला लागले. दुर्गाला वाटलं, गेलं सगळं! पण घरी जाऊन पाहते तर ते कोयता घेऊन बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, शिरले होते.

*

रविवारी, मंडईच्या दिवशी, सकाळपासून धरणाच्या पारीवर ही गर्दी! पाहुणे, जावई, जिलेबीवाले, फुगेवाले. मंदाबाईंनीच दवंडी दिली होती. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटाचं राहत नाही," त्या म्हणाल्या. "काय ते एकदाचं पाहून घ्या सारे!"

शुक्रवारी संध्याकाळी बाबूजींनी कापलेल्या काड्या पाहून अलका निवळली होती; ती आणि धनू पहाटेच सायकलने अकरा किलोमीटरचा वळसा घालून चिचटोल्याला गेले होते. तिथल्या उथळ पाण्यात त्यांनी लाल फडक्याचा बांबू उभा केला. दुर्गा बकारामच्या डोंग्यात. मधोमध वाळलेला मोह पाण्यातून वर आलेला होता. धरण झालं तेव्हा बुडालेल्या कुठल्याशा शेताचा तो शेवटचा राखणदार. बकारामने पिवळ्या फडक्याचा बांबू त्याला बांधला. बाबूजींनी फडक्याखाली दहा फुटांवर केलेली खाच बरोबर पाण्याला टेकली पाहिजे, हे पाहायचं काम दुर्गाचं होतं. अलीकडच्या काठावर दगडांच्या उतारावर, पाण्यापासून त्याच दहा फुटांवर दुर्बीण. प्रफुल्लने आदल्या रात्री हिशेब करून मंदाबाईंच्या हातात चिठ्ठी दिली होती. 'मधली सुमारे दोन फूट वर दिसेल.'

चारी बाजूंना पाणीच पाणी. एकही लाट नव्हती. दुर्गाने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. एका टोकाला बाबूजी, दुसऱ्या टोकाला अलका, मधात ती. इतक्या लांबून दोघांपैकी कोणीच दिसत नव्हतं. हे पाणी काचेसारखं सपाट दिसत होतं आणि क्षणभर तिलाच शंका आली. व्हिडिओच खरा असला तर? मग खोली जाईल, प्रफुल्लदादा जाईल आणि अलका कधी बोलणार नाही. तिने खाचेवर बोट ठेवलं. हलायचं नाही, शिंकायचं नाही.

बकारामचा जुना फोन वाजला. त्याने तो तिच्या कानाला लावला.

"दुर्गे, खाच पाण्याले लागली आहे?" बाबूजींचा आवाज.

"होव."

"बरोबर पाहा. वर तर नाही?"

"नाही बाबूजी. बोट ठेवून आहे मी."

मग फोनमधून नुसती माणसांची कुजबुज ऐकू येत होती आणि एक फुग्याची पिपाणी. दुर्गाने डोळे मिटले. पहिला डोळा त्यांचाच होता. काय दिसलं ते या घडीला जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते अजूनही काहीही सांगू शकत होते.

"बाबूजी?"

"दुर्गे," ते म्हणाले आणि थांबले. मग बांधीच्या धुऱ्यावरून ओरडत तसे, सगळ्या पारीला ऐकू जाईल असे ओरडले. "मधात उंचवटा आहे!"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बकाराम विचारत राहिला, "काय म्हणाले? काय म्हणाले?"

"मधात उंचवटा आहे, बाई," बाबूजी पुन्हा म्हणाले, आता हळू. "चांगला दोन फूट. अन् इथली माती कोण काढंल?"

दुर्गा रडता रडता हसायला लागली.

*

दुपारी पाहिलं, चारला पाहिलं. चारला फरक थोडा कमी झाला, पण मधलं पिवळं फडकं लालाच्या वरच राहिलं. हवेने कितीही खोडी केली तरी उंचवटा काही मोडला नाही. साऱ्या गावाने रांग लावून दुर्बिणीतून पाहिलं. एका जावईबापूंनी तर तीनदा पाहिलं आणि उधारीच्या जिलेब्या खात जिलेबीवाल्याला सगळं समजावून सांगितलं.

संध्याकाळी मंडईत, नाटकाच्या मांडवात, नारळ फोडायच्या आधी बाबूजी उठले.

"मले एक सांगाचं आहे," ते म्हणाले. "बुधवारी मी सरळ खेळ नाही खेळलो. सकाळी गोटा बुडते हे मी आधी पाहून आलो होतो. म्हणून दुपार सांगितली." दुर्गाने ओढणी मुठीत आवळली. प्रफुल्लदादा सोडला तर तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं आणि अलकानेही नाही. "हे मले माझ्या पोरीनं पकडलं. तिनं अन् तिच्या मैत्रिणीनं. चार दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. आता मीच उघडतो."

प्रफुल्ल पुढे आला. "भाऊ, 'शिकून घ्या' असं मी लिहायला नको होतं. तुमच्या तीन काड्यांसारखा प्रयोग माझ्याने झाला नसता."

"मग आता मलेच शिकव," बाबूजी म्हणाले. "माझी बांधी शंभर फुटाची. तिच्यात किती उंचवटा असते?"

प्रफुल्लने बोटांवर हिशेब केला. "केसाच्या जाडीएवढा. फार तर."

"म्हणजे माझ्या बांध्या सपाटच?"

"पंचक्रोशीत सगळ्यात सपाट."

हसणाऱ्यांत पहिला आवाज मंदाबाईंचा होता. त्यांनी चाबी काढली, पण प्रफुल्लला दिली नाही. त्यांनी मुलांना जवळ बोलावलं. धनूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "यानं दिसलं ते सांगितलं, आपल्या बाजूचं नुकसान झालं तरी." मग अलकाकडे आणि दुर्गाकडे पाहिलं. "अन् ह्या दोघींनी माणूस न मोडता खोटं मोडलं. समितीचा अध्यक्ष म्हणून पुढच्या वर्षी यांचंच नाव सुचवते मी!" आणि चाबी त्यांनी अलकाच्या तळहातावर ठेवली.

नाटक सुरू झालं. मुली मागच्या सतरंजीवर बसल्या. थोड्या वेळाने बाबूजी जिलेबीचा द्रोण घेऊन आले. द्रोण एकच होता. त्यांनी तो दोघींच्या मधात ठेवला, क्षणभर घुटमळले, मग खाली बसले आणि त्यातलीच एक जिलेबी उचलून खाल्ली.

अलकाने दुर्गाकडे पाहिलं. आजी तीन रांगा पुढे बसली होती आणि मान वळवून इकडेच बघत होती.

"खा ना पोरी," बाबूजी अलकाला म्हणाले. "जिलेबी थंडी होते."